दोन तासांनी कूस कोण बदलणार?

आंब्याचा हंगाम संपला. याही हंगामात जिल्ह्याच्या पेपरांत ती नेहमीची तीन ओळींची बातमी येऊन गेली. आंबे काढताना फांदी तुटली, तरुण खाली कोसळला, कंबरेला गंभीर दुखापत, अधिक उपचारासाठी बांबोळीला हलविले. कधी आंब्याच्या जागी माड असतो, कधी पोफळ. कधी पावसाच्या तोंडावर कौलं परतताना छपरावरून कोणी घसरतो. कधी हायवेवर दुचाकी उडते. बांबोळीच्या जागी कधी कोल्हापूर असतं. एवढाच काय तो फरक.

त्या माणसाचं पुढे काय होतं, हे मात्र फक्त त्याच्या वाडीला माहीत असतं. आज त्याच्याबद्दल जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर निघेल.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. आपण म्हणतो ‘मणका मोडला’. मणका म्हणजे हाड. हाड जुळतं, डॉक्टर त्याला रॉड-स्क्रू लावून घट्ट करतात. पण मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, मेंदूकडून शरीराकडे जाणारी मुख्य केबल. ती चिरडली तर आजतरी तिला पूर्ववत करणारं औषध किंवा ऑपरेशन नाही. इजा अर्धवट असेल तर काही ताकद परत येते, काहींची बरीच येते. पूर्ण असेल तर इजेच्या खालचं शरीर मेंदूपासून तुटतं. मानेत लागलं तर चारही हातपाय, छातीत-कंबरेत लागलं तर कमरेखालचा भाग. नुसती हालचाल जाते असं नाही. स्पर्श जातो, दुखणं कळायचं बंद होतं, लघवी-संडासवरचा ताबा जातो.

आता मुद्द्याचं. हा माणूस त्या पडण्याने बहुतेक वेळा मरत नाही. ऑपरेशन होतं, आठ-पंधरा दिवसांत टाके काढून घरी येतो. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी तो जातो. लोक म्हणतात, ‘मणक्याचं झालं होतं ना त्याला, गेला बिचारा.’ पण तो मणक्याने गेलेला नसतो. पाठीला पडलेली जखम हाडापर्यंत गेली, त्याचं विष अंगात भिनलं, म्हणून तो गेला. किंवा लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलं म्हणून गेला. किंवा छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला म्हणून. या तिन्ही गोष्टी बहुतांशी टाळता येतात. त्यासाठी मोठा सर्जन लागत नाही, एमआरआय लागत नाही. लागते ती परिचर्या. रोजची, वेळेवरची, शिकून केलेली परिचर्या. आणि नेमकी तीच आपल्याकडे कोणाच्याच खात्यात नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दीड कोटीपेक्षा जास्त लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगतायत आणि इतरांच्या तुलनेत त्यांचा अकाली मृत्यू होण्याची शक्यता २ ते ५ पट असते. ज्या देशांत आरोग्यसेवा दुबळी, तिथे परिस्थिती जास्त वाईट. म्हणजे इजा तीच, पण माणूस कुठे राहतो यावर तो किती जगणार हे ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, फांदी सगळीकडे सारखीच तुटते. फरक पडतो तो घरी आल्यावर.

हे मी म्हणतोय असं नाही, इतिहास सांगतो. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळी लागून पांगळे झालेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत मरायचे. डॉक्टरही त्यांना सोडून दिल्यात जमा धरायचे. मग १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. हे गुटमन नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी कसली जादू केली? रात्रंदिवस, दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटची कूस बदलायला लावली. लघवीच्या स्वच्छतेकडे कडक लक्ष दिलं. आणि माणसाला पलंगावर पडू न देता उठवून कामाला, खेळाला लावलं. जे मरायचे ते जगायला लागले. नुसते जगले नाहीत तर खेळले. १९४८ मध्ये त्याच हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्या सैनिकांचे सामने झाले आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

लांब कशाला जायचं? आपले मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. २०१८ ला पद्मश्री. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आपण सगळ्यांनी त्यांच्या जिद्दीला टाळ्या वाजवल्या, त्या वाजवायलाच हव्यात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जिद्द दाखवण्यासाठी माणूस आधी जिवंत राहावा लागतो, आणि त्याच्या पाठीला जखम नसावी लागते. ते काम परिचर्येचं. आपल्या लष्कराला हे कळलं. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे पाठीच्या इजेने पांगळे झालेले जवान वर्षानुवर्षं राहतात, खेळतात, काम करतात. सीमेवर पडलेल्या जवानासाठी देशाने ही सोय केली. बागेत पडलेल्या गड्याचं काय?

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नावही इथे घ्यायला हवं. तरुण वयातच कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी बाईंनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, शेकडो मुलांना उभं केलं. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. म्हणजे ‘अशा माणसाचं पुढे काय होणार’ हा प्रश्न पडणार नाही. होऊ शकतं. खूप काही होऊ शकतं.

आता परिचर्या म्हणजे नक्की काय, ते नीट लिहितो. कारण अनेक घरांत हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिलं, कातडी. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, कारण एका जागी दाब पडला की दुखतं. याला दुखतच नाही. त्यामुळे माकडहाड, खुबा, टाच, खांद्याचं पातं, अशा जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपून रक्त पोचत नाही. काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वरून आधी फक्त लाली दिसते. बोटाने दाबल्यावर ती लाली फिकी पडली नाही तर समजा की जखमेची सुरुवात झाली. त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दिवसातून दोनदा अंग तपासायचं. खुर्चीत बसत असेल तर थोड्या थोड्या वेळाने हातावर जोर देऊन बूड उचलायचं.

आणि आपल्याकडे काय चालतं? लाल झालेल्या जागेवर पावडर लावून जोरात चोळतात. चोळू नका, आतलं नाजूक झालेलं मांस आणखी फाटतं. गोल रिंगची उशी बुडाखाली देतात. तीही नको, रिंगच्या कडेने रक्त अडतं. टाचेखाली काहीतरी ठेवण्यापेक्षा पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू दे. एअर बेड आणला की लोक निर्धास्त होतात. एअर बेड चांगलाच, पण तो कूस बदलत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेक. पाय गार लागतात म्हणून गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, निखाऱ्याची शेगडी. त्याला चटका कळत नाही हो! मायेपोटी दिलेल्या शेकाने हाडापर्यंत भाजलेला पाय मी पाहिलाय. ज्या माऊलीने शेक दिला होता तिला यात काय दोष देणार? तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, लघवी. घरी सोडताना बहुतेकांना नळी आणि पिशवी लावलेली असते. ही नळी ठरलेल्या मुदतीत बदलावी लागते, पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी लागते, नळीला पीळ पडू द्यायचा नसतो. गावात नळी बदलणारा माणूस मिळाला नाही की मुदत संपून गेलेली नळी तशीच राहते. मग ती तुंबते, ताप येतो, लघवी गढूळ होते. याला चांगला पर्याय १९७२ पासून जगाला माहीत आहे. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं की कायमची नळी ठेवण्याऐवजी दर चार-सहा तासांनी स्वच्छ हाताने नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, साबणाने धुतलेले हात लागतात. हात चालत असतील तर पेशंट स्वतः करू शकतो. हातांचं नसेल तर घरातलं माणूस शिकू शकतं. जिथे लघवीची ही काळजी नीट घेतली गेली, तिथे किडनी निकामी होऊन मरण्याचं प्रमाण खूप खाली आलं. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या तालुक्यात किती जणांना हे शिकवलं असेल, विचारून बघा.

तिसरं, संडास. हा विषय निघाला की सगळे माना खाली घालतात. घालू नका. रोज किंवा एक दिवसाआड, एकाच ठरलेल्या वेळी, खाणं झाल्यावर अर्ध्या तासाने, गरजेप्रमाणे औषधाची गोळी गुदद्वारात ठेवून, हातमोजा घालून पोट साफ करून द्यायचं, अशी सवय शरीराला लावता येते. सवय लागली की दिवसभर डायपरमध्ये राहायची वेळ येत नाही. माणूस चार लोकांत बसू शकतो, लग्नाला जाऊ शकतो, दुकान चालवू शकतो. ज्याला कधी कपडे खराब होतील याची धास्ती असते तो घराबाहेरच पडत नाही. अशा तरुणांना लोक म्हणतात ‘हिंमत हरला’. मी म्हणतो, त्याला हिंमत आहे, त्याला शिकवणारी सिस्टर मिळालेली नाही.

चौथं, आणि हे डॉक्टर मंडळींनीही वाचावं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर अशा माणसाचं बीपी एकाएकी भयंकर वाढू शकतं. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा-मान लाल होते, घाम सुटतो. कारण बहुतेक वेळा साधं असतं: नळीला पीळ पडून मूत्राशय तुंबलेलं, नाहीतर पोट साफ न झालेलं. या लोकांचं नेहमीचं बीपी कमी असतं, वरचा आकडा ९० ते ११० च्या आसपास. त्यामुळे १५० हा आकडा तुम्हाला-मला फार वाटणार नाही, पण त्याच्यासाठी ती धोक्याची घंटा आहे. अशा वेळी आधी त्याला बसतं करायचं, आडवं ठेवायचं नाही. कपडे-पट्टे सैल करायचे. नळी तपासायची, पीळ काढायचा. तरी बीपी उतरलं नाही तर तातडीने दवाखाना. वेळेत कळलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि कळलं तर पाच मिनिटांत नळी सरळ करून माणूस वाचतो. ज्ञानाला इतकी किंमत असलेली दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

याशिवाय सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, पावलं लटकू नयेत म्हणून आधार, छातीतला कफ काढायला मदत. आणि मन. पंचविशीतला मुलगा छताकडे बघत पडून असतो. त्याच्याशी त्याच्या लग्नाबद्दल, संसाराबद्दल मोकळं बोलायला कोण जातं?

आता सांगा, हे सगळं कोण करतंय? आई करतेय. बायको करतेय. कधी शाळा सोडून घरी राहिलेली बहीण करतेय. सत्तर किलोचा पुरुष दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा म्हणजे काय, ते एकदा करून बघा. मध्येच चूल, गोठा, दुसऱ्याच्या बागेतली मजुरी. त्या बाईची स्वतःची कंबर गेलेली असते, झोप तर केव्हाच गेलेली असते. मी अशा घरांत गेलोय. ‘ताई, तुम्हाला हॉस्पिटलात हे कोणी शिकवलं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने घाईत पिशवी रिकामी कशी करायची ते दाखवलं आणि कार्डावर लिहून दिलं, ‘बॅक केअर, ब्लॅडर केअर’. ही चार इंग्रजी अक्षरं त्या माऊलीने वाचायची कशी आणि करायची कशी?

यात सिस्टरचा दोष काढत नाही. एका वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर, हे सरकारी दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. दोष रचनेचा आहे. आपली सगळी आरोग्यव्यवस्था दवाखान्याच्या गेटपाशी संपते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनला मदत मिळते आणि त्यामुळे अनेक घरं वाचली, हे मान्य. पण ती योजना मुळात दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी. घरी आल्यानंतरच्या नळ्या, पिशव्या, डायपर, ड्रेसिंग यांचा महिन्याचा खर्च घरानेच करायचा, तोही घरातला कमावता माणूस पलंगावर असताना.

योजनांची यादी मोठी आहे, पण माणूस मधल्या फटीत पडतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला आणि दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख मिळतात. पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी. दुसऱ्याच्या बागेत मजुरीने झाडावर चढणाऱ्या, सातबारा नसलेल्या गड्याचं काय? माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे, पण ती आधी नाव नोंदवलेल्यांनाच. केंद्राची निरामय आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. पाठीची इजा त्यात बसत नाही. संजय गांधी निराधारचं मासिक अनुदान मिळतं, पण त्यात औषध आणायचं की तांदूळ, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींची वेगळी तरतूद आहे. त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याचा उल्लेखही त्याच कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रस्ता अपघाताच्या एका प्रकरणात, कायमची अक्षम झालेल्या मुलीला आयुष्यभरासाठी सुश्रूषा करणाऱ्या माणसाचा खर्च नुकसानभरपाईत धरून दिला. म्हणजे काळजी घेणं हे काम आहे, त्याची पैशात किंमत आहे, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. गावात मात्र अजून ते ‘बायकोचं कर्तव्य’ आहे.

‘सगळं बरोबर, पण आपल्याला परवडणार आहे का?’ असं विचारणारे कमेंटमध्ये येतीलच. त्यांनी केरळकडे बघावं. ते आपल्यासारखंच माडा-पोफळीचं राज्य. तिथे २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, देशातलं पहिलं. ते फक्त कॅन्सरच्या पेशंटपुरतं ठेवलं नाही, अंथरुणाला खिळलेले सगळे त्यात घेतले, पाठीच्या इजेचे पेशंटही. पंचायत पैसे देते, प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली प्रशिक्षित नर्स गाडीने घरोघर जाते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. गावातले स्वयंसेवक सोबत असतात. काळजी घेणाऱ्यांसाठी तिथे ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे, महिन्याला ६०० रुपयांची. रक्कम किरकोळच आहे, पण त्या बाईचं काम सरकारी कागदावर तरी आलं.

दुसरी शंका अशी की, आपल्या उपकेंद्राच्या सिस्टरना आधीच लसीकरण, बाळंतपणं, रजिस्टरं आणि ऑनलाइन एंट्र्या यांनी वेढलंय, त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम का? ही शंका खरी आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे की हे काम त्यांच्यावर ढकलू नका. तालुक्याला यासाठी वेगळी एक प्रशिक्षित नर्स आणि एक गाडी द्या. अंथरुणाला खिळलेले लकवा, कॅन्सर, म्हातारपण यांचे पेशंटही तीच बघेल. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी कागदावर आहेच. कागदावरची गोष्ट रस्त्यावर आणायची आहे.

पैसे कुठून? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपंचायत या सगळ्यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा निधी आहे. मार्च जवळ आला की तो सगळ्यांना सारखा वाटून मोकळं व्हायचं, असं अनेक ठिकाणी चालतं. फोटो निघतो, हजार-दीड हजार हातात पडतात. सारखं वाटणं दिसायला न्याय्य वाटतं, पण ज्याचं एक बोट नाही आणि ज्याचं मानेखालचं सगळं शरीर नाही, त्यांची गरज सारखी कशी असेल? चार ग्रामपंचायतींनी मिळून वर्षभराच्या नळ्या आणि पिशव्या घाऊक घेतल्या तरी कितीतरी घरांचा श्वास मोकळा होईल.

तर माझ्या मागण्या तीनच.

एक. मोठ्या हॉस्पिटलने पाठीच्या इजेच्या पेशंटला घरी सोडण्याआधी घरातल्या दोन माणसांना कूस बदलणं, नळी घालणं, पोट साफ करणं हे प्रत्यक्ष करून घेऊन शिकवावं. त्यांना जमतंय हे बघूनच सोडावं. सूचना मराठीत, चित्रांसह द्याव्यात. आणि पेशंट ज्या तालुक्यातला आहे तिथल्या ग्रामीण रुग्णालयाला कळवावं की अमुक गावचा माणूस घरी येतोय.

दोन. तालुक्याला एक फिरती नर्स. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, प्रशिक्षणाची सोय तिथे होऊ शकते. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

तीन. ५ टक्के निधीतून अंथरुणाला खिळलेल्यांना दरमहा साहित्य. रोख वाटप नको, साहित्य द्या. नळ्या, पिशव्या, हातमोजे, ड्रेसिंग, गरज असेल तिथे एअर बेड.

आमदार-खासदारांना मी हे सांगणारच. पण त्यांच्याआधी तुम्हाला सांगतोय, कारण तिसरी मागणी तुमच्या हातात आहे. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. दरवर्षी तिथे रस्ता, गटार, स्ट्रीटलाइट यावर भांडणं होतात. ती होऊ देत. पण यंदा एक विषय वाढवा. आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, त्यांची यादी करा. आशाताईंना विचारा, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं. यादी वाचून दाखवा आणि ५ टक्के निधीतून त्यांच्या साहित्याचा ठराव मांडा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, एवढंच. ग्रामसेवक काय उत्तर देतात ते लिहून घ्या, प्रोसिडिंगमध्ये आलंय का तेही बघा.

आणि तोवर? ज्या वाडीत असं घर आहे, तिथल्या चार पोरांनी रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. क्रिकेटची टीम बांधता, भजनाची बारी बांधता, गणपतीत रात्र रात्र जागता. आठवड्यातली एक रात्र, त्या माऊलीला झोपू द्यायला. आधी उपकेंद्रातल्या सिस्टरकडून कूस कशी बदलायची ते शिकून घ्या, चुकीचं ओढाताण करू नका. शिकायला अर्धा तास लागतो.

ज्यांच्या घरात किंवा शेजारी असा पेशंट आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव-पत्ता टाकू नका, मला मेसेज करा. ग्रामसभेत ठराव झाला तर तेही कळवा, कोणत्या गावाने आधी केला ते मी लिहीन. आणि कातडी, लघवी, संडास आणि बीपी यांची वर दिलेली माहिती, तेवढी तरी कॉपी करून वाडीच्या ग्रुपवर टाका. त्यासाठी ग्रामसभेची वाट बघायला नको.